कुंडीतले प्रश्न : होळीच्या आधी काय काय उरकायचं?

नमस्कार मंडळी. हा अंक हातात पडेपर्यंत फेब्रुवारी लागलेला असेल, म्हणजे आपल्या ठाणे-नवी मुंबईत पहाटे पायावर चादर ओढावी लागते आणि दुपारी बाराला गॅलरीची लादी चटके देते ते मधले चार आठवडे. यावेळी जवळजवळ सगळ्या पत्रांचा सूर एकच आहे, की ताई, व्हिडिओत सांगतात आता वसंत आला, सगळं छाटा, सगळं लावा, आम्ही तसंच केलं आणि झाडं रुसून बसली. कारण साधं आहे. ते व्हिडिओ जिथले असतात तिथे थंडीनंतर दोन-तीन महिने झाडांना सुखाचे मिळतात. आपल्याकडे होळी जळाली, थंडी पळाली, मार्चमध्येच पारा ३५ च्या वर जायला लागतो आणि पाऊस यायचा तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे मधे तीन-साडेतीन महिने नुसतं ऊन. त्यामुळे या महिन्यात कात्री किंवा खुरपं हातात घेतलं की मी एकच गोष्ट बघते, या झाडाची मुळं एप्रिलच्या आत नीट बसतील का? बसणार असतील तर ते काम आजच, नाहीतर सरळ जूनवर ढकलायचं. आता तुमची पत्रं घेते.

ताई, माझ्याकडे मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत, बारा इंची. गेल्या उन्हाळ्यात मोजून नऊ फुलं आली. पानं मात्र भरपूर आणि हिरवीगार. दर पंधरा दिवसांनी दाणेदार खत घालते. अजून काय करू? (कासारवडवली)

सगळ्यात आधी ते दाणेदार खत बंद करा. पानं हिरवीगार आणि फूल नाही, म्हणजे नायट्रोजन पोटभर मिळतोय आणि झाड पानंच काढत बसलंय. मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर, जुन्या काडीवर नाही, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चार-पाच दिवस पाणी तोडा. बागायतदार याला ताण देणं म्हणतात. पानं जरा मलूल दिसली तरी घाबरू नका. मग धारदार कात्रीने सगळ्या फांद्या वरून एक तृतीयांश ते निम्म्या कापा, वाळलेल्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या बारीक काड्या पार बुडातून काढा आणि राहिलेली जुनी पानं हाताने खुडून टाका. झाड अगदी उघडंबोडकं दिसतं, पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या, पण एप्रिलमध्ये देवाला रोजची ओंजळ भरायला लागली तशी त्याच आता जानेवारी संपला की कात्री काढून ठेवतात. छाटल्यावर वरची दोन इंच माती हलक्या हाताने उकरा, बारीक मुळं दिसली की तिथेच थांबा, दोन मुठी जुनं कुजलेलं शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळा आणि कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या.

आणि ऊन! पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर बाकी सगळं करून उपयोग नाही. तुमची बाल्कनी पश्चिमेची असेल तर चांगलंच आहे, मोगऱ्याला दुपारचं ऊन बाधत नाही, फक्त पाणी चुकवू नका. साधारण पंधरा-वीस दिवसांत पेरापेराला कोवळी फूट येईल. ती चार-सहा पानांची झाली की शेंड्याला अगदी जवळून बघा, दोन पानांच्या मधे ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन कळ्या चिकटून बसलेल्या असतात, मधली आधी फुलते, बाजूच्या दोन तिच्या मागून. तिन्ही फुलून गेल्या की तो शेंडा खालच्या दोन पानांसकट कापून टाका, तिथून परत फांद्या फुटतात आणि परत कळ्या. हे शेंडे कापायचं काम बहुतेक लोक करत नाहीत, म्हणून एकच बहर येतो आणि मोगरा गप्प बसतो.

मग गुलाबही आत्ताच छाटायचा ना? परदेशातल्या बहिणीने सांगितलं थंडी संपताना गुडघ्याएवढा कापायचा. (खारघर)

नाही हो, कृपा करून नाही. तुमच्या बहिणीचं तिच्या गावापुरतं अगदी बरोबर आहे, तिथे बर्फात गुलाब झोपलेला असतो आणि उठायच्या आधी तो कापतात. आपला गुलाब थंडीत झोपत नाही, उलट हाच त्याचा कामाचा सीझन. आपल्याकडची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, म्हणजे साधारण ऑक्टोबरात.

मी हे स्वतः भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परदेशी पुस्तकात वाचून फेब्रुवारीच्या शेवटी माझे सहाच्या सहा गुलाब फूटभर ठेवून कापले. फूट आली, सुंदर लालसर, मी खूश. आणि मग मार्चचं ऊन आलं, ती कोवळी पानं कडेने करपली, त्यात फुलकिडे आले, परत फूट येईना आणि पावसाच्या तोंडावर चार झाडं काळी पडून गेली. त्यातला एक आईने लावून दिलेला गावठी गुलाबी होता, त्या वासाचं रोप परत नाही मिळालं मला.

आत्ता एवढंच करा. फूल गळत आलं की खाली पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं पहिलं पान बघा आणि त्याच्या वर, डोळा, म्हणजे नवी फूट येते तो बारीक कोंब, बाहेरच्या बाजूला असेल तिथे तिरका काप घ्या. कलमाच्या जोडाखालून एखादी जोमदार काटेरी फांदी वर येत असेल तर ती जंगली आहे, बुडातून काढा, ती सगळं खाऊन टाकते. वाळक्या काड्या काढा. खत या महिन्यात एकदा, मग ऊन कडक झालं की हात आवरता घ्या. मार्च अखेरपासून दुपारची सावली मिळेल अशा जागी कुंडी सरकवली तर फुलं लहान येतील पण झाड जगेल.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना चालतं का? रोज दोन बादल्या निघतं, टाकवत नाही. (सानपाडा)

टाकवत नाही हे बरोबरच, पण झाडांना रोज तेच नको. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी घट्ट झालेले असतात. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं आणि ते मुळात गोडं आहे, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा चालून जाईल. पण ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे त्यांनी आरओचं पाणी लादी पुसायला आणि गाड्या धुवायला ठेवावं. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खरपुडी दिसायला लागली की समजायचं क्षार साठलेत, मग साधं पाणी दोनदा भरपूर ओतून खालून वाहून जाऊ द्यायचं. एसीचं पाणी मात्र बिनधास्त घाला, त्यात क्षार नसतात.

मी जूनमध्ये स्वयंपाकघरातलीच ओली हळद कुंडीत लावली होती. छान पानं आली, पातोळ्याही केल्या. आता सगळी पानं पिवळी पडून आडवी झाली. पाणी वाढवलं तरी सुधारत नाहीये. झाड मेलं का? (ऐरोली)

मेलं नाही, तयार झालं! पाणी आजपासून बंद. हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक आहे, जूनमधे लावली म्हणजे आता तिची वेळ झाली, पानांतलं सगळं खाली कंदात उतरलं आणि पानं वाळली. आणखी पाणी घातलंत तर कंद कुजतील.

आठ-दहा दिवस माती सुकू द्या. मग पेपर अंथरून कुंडी त्यावर आडवी करा, बाहेरून थोपटा आणि गड्डा अखंड बाहेर येऊ द्या, खुरपं आत घालू नका, कंद कापले जातात. माती झाडली की मधे जाडा गोल गड्डा दिसेल, त्याला चहूबाजूंनी बोटांसारखी हळकुंडं फुटलेली आणि मुळांच्या टोकांना कुठे कुठे पांढरट, पाणीदार गाठी लटकलेल्या. एखादं बोट मोडून बघा, आत भडक केशरी रंग दिसतो आणि जो वास येतो ना, मातीचा आणि कच्च्या आंब्याचा मिळून, तो बाजारच्या हळदीला कधीच नसतो. नखं दोन दिवस पिवळी राहतील, राहू द्या.

मधले गोल गड्डे बियाण्याला ठेवा. धुवू नका, फक्त माती झाडा, टोपलीत कोरड्या वाळूत किंवा सुकलेल्या पानांत घालून सावलीत ठेवा आणि मे अखेरीस डोळे फुगले की लावा. बोटं धुऊन लोणच्याला घ्या. पावडर करायची असेल तर पाऊण तास उकळून, कडकडीत वाळवून मग दळायची, पण एका कुंडीच्या हळदीचं मी लोणचंच करते. आलं लावलेल्यांनीही हेच करायचं.

रिकाम्या कुंडीतली माती फेकू नका, ऊन दाखवून थोडं शेणखत मिसळून त्यात लगेच लाल माठाचं बी टाका.

१४ व्या मजल्यावर राहतो, पूर्वेची बाल्कनी, दहापर्यंत चांगलं ऊन. थंडीत पालक, मेथी, कोथिंबीर झाली. आता पालक लावला की दांडा येतो, कोथिंबीर फुलावर जाते. आत्ता काय लावलं तर हाताला लागेल? (घणसोली)

दादा, पालक-कोथिंबिरीचा हट्ट आता सोडा. दिवस मोठा झाला आणि ऊब वाढली की ती बी धरायच्या मागे लागतात. कोथिंबीर अगदीच हवी असेल तर धणे चुरडून सावलीच्या कोपऱ्यात दर दहा दिवसांनी थोडे थोडे पेरा आणि बोटभर झाली की कापा, मोठी व्हायची वाट बघू नका. फ्लॉवर, कोबी, मटार, गाजर यांची रोपं किंवा बी कोणी आत्ता देत असेल तर घेऊ नका, पैसे पाण्यात.

आत्ताच्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारलं, आणि पालेभाजीत लाल माठ. माठ सगळ्यात सोपा, बी विस्कटून वर चिमूटभर माती, २५-३० दिवसांत भाजी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत पेरा, रोप करून हलवलेलं तिला आवडत नाही, बारा इंची कुंडीत एकच झाड ठेवा, दोन ठेवली की दोन्ही किडकिडीत होतात. दीड महिन्यात भेंडी लागते, पण एकदोनच लागतात म्हणून निदान सहा झाडं तरी हवीत, नाहीतर चौघांची भाजी होत नाही. तुमचं ऊन दहापर्यंतच आहे, त्यामुळे भेंडीपेक्षा माठ, चवळीचा पाला आणि एक काकडीचा वेल एवढ्यावर जोर द्या.

वेल लावलात तर एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण उंच मजल्यावरून दरवर्षी हीच तक्रार येते की फुलं येतात आणि गळतात. आधी आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. नंतर ज्या फुलाच्या मागे इवलीशी काकडी किंवा दुधी दिसतो ते मादी फूल. १४ व्या मजल्यावर मधमाशी पोचेलच असं नाही, तेव्हा ते काम आपण करायचं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोलून काढा, मधल्या पिवळ्या दांडीवर पराग दिसेल, तो मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवत फिरवा. काकडी-कारल्याचं सकाळी आठच्या आत, आणि दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून त्यांचं दिवेलागणीला. तीन-चार दिवसांत मागची काकडी वाढायला लागली तर जमलं, पिवळी पडली तर पुढच्या फुलाला परत करा.

जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस लागलाय, कळ्या उमलत नाहीत, खाली सगळं चिकट झालंय. कडुनिंबाचं तेल मारून झालं, जात नाही. (नौपाडा)

हा पिठ्या ढेकूण, ज्याला नर्सरीत मिलीबग म्हणतात. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो म्हणून वरून नुसतं तेल मारून आतपर्यंत पोचत नाही. आधी जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, बाकी झाडाला पाण्याची जोरदार धार द्या, पानांच्या खालून आणि बेचक्यांत सुद्धा. राहिलेल्यांना कानाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला पुसा. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण नीट फेटून फवारा. हे सात दिवसांनी परत आणि त्यानंतर सात दिवसांनी परत, कारण अंडी राहतात, एका फवाऱ्यात कधीच संपत नाही.

आणि मुंग्या बघा! कुंडीवरून मुंग्यांची रांग चढत असेल तर तीच त्यांना पाळते, चिकट गोड रसासाठी. कुंडीच्या पायाखाली पाण्याची ताटली ठेवून मुंग्या तोडल्या तरच हा रोग सुटतो, फक्त ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डास करू नका.

आमच्या रो-हाऊसच्या अंगणात हापूसचं कलम आहे, २० वर्षांचं. मोहोर भरभरून आला पण आता काळा पडतोय आणि बारीक कैऱ्या गळतायत. औषध मारू का? (वाशी)

काका, आधी एकदा झाडाखाली उभं राहून फांदी हलवा. बारीक पाचरीसारखे किडे टकटक उडाले तर ते तुडतुडे. ते मोहोराचा रस पितात, त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते म्हणून मोहोर काळा. मोहोरावर पांढरी पिठी धरली असेल तर ती भुरी, थंड रात्री आणि मळभ असलं की वाढते. पण मोहोर पूर्ण फुललेला असताना कसलंही कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्या करतात, त्याच मेल्या तर फळ कुठून धरणार? शिवाय अंगणात पोरं खेळतात. आत्ता झाडाखालचा कचरा काढा, आत गुंतलेल्या वाळक्या काड्या काढून हवा खेळती करा, आणि पुढच्या वर्षी मोहोर फुटायच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात फवारणीचं बघा, ते कृषी सेवा केंद्रात विचारून.

गळीचं फार मनाला लावून घेऊ नका. एका मोहोरात शेकड्यांनी फुलं असतात आणि त्यातली बरीचशी नर, ती गळायचीच. धरलेल्यातली सुद्धा बहुतेक वाटाण्याएवढी असताना पडतात. हातात आहे ते पाणी. मोहोराच्या वेळी पाणी नको, पण फळ वाटाण्याएवढं झालं की मोठ्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा १५० ते २०० लिटर, बुंध्यापाशी न ओतता फांद्यांच्या सावलीच्या कडेने आळं करून, आणि वर वाळक्या पानांचं आच्छादन. सुपारीएवढी झाल्यावर बरीच टिकतात.

आमच्या सोसायटीत बदाम आणि रेन ट्री आहेत. या दिवसांत पानांचा खच पडतो. वॉचमन रोज संध्याकाळी पेटवून देतो, धूर सगळा वर घरात. आता कमिटीचं म्हणणं आहे की झाडंच 'बोडकी करून टाकू'. काहीतरी सांगा. (वर्तकनगर)

हे पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण असंच पत्र दरवर्षी येतं, फक्त सोसायटी बदलते. तुम्ही कमिटीच्या मीटिंगमध्ये हे पान घेऊन जा, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं कायद्याचं. शहरातली झाडं, ती सोसायटीच्या आवारात असली तरी, महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षण आणि जतनाच्या कायद्याखाली येतात. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय झाड तोडता येत नाही आणि बोडकं करून टाकणं हेही झाडाला इजा करण्यातच मोडतं. धोकादायक फांदी असेल तर उद्यान विभागात लेखी अर्ज द्या, ते येऊन बघतात. आणि २०२१ पासून ५० वर्षं आणि त्याहून जुनी झाडं हेरिटेज म्हणून धरली जातात, त्यांना आणखी जपायला लागतं. शिवाय रेन ट्री आत्ता बोडका केलात तर एप्रिल-मेमध्ये पार्किंगमधल्या गाड्या आणि तळमजल्याची घरं कशी तापतील हे ज्यांना तो ठराव करायचाय त्यांनीच सांगावं.

दुसरं जाळण्याचं. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, दंड होतो. त्या धुराने ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांचे हाल होतात हे वेगळं सांगायला नको.

आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बदामाचं पान गळायच्या आधी लालभडक होतं, ते एक पान हातात घेऊन बघा, चामड्यासारखं जाड. ते आणि रेन ट्रीची बारीक पानं म्हणजे फुकटचं खत आहे, आपण ते जाळतो आणि मग नर्सरीतून पिशवीतलं खत विकत आणतो. कंपाउंडच्या एका कोपऱ्यात कोंबड्यांची जाळी गोल वळवून तीन फूट रुंद, तीन फूट उंच पिंजरा करा. खाली काटक्या, मग फूटभर पानं पायाने तुडवून, त्यावर पातळ शेणकाला किंवा आंबट ताक-पाणी, बाजूच्या घरांतून भाजीची देठं-सालं आली तर तीन भाग पानांना एक भाग एवढीच, मग परत पानं. ओल किती? मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये. दर पंधरा दिवसांनी वॉचमनने काट्याने वरखाली करायचं, त्याला त्याचे वेगळे पैसे द्या, आणि बदामाची पानं आधी चुरून घ्या, अख्खी राहिली की एकमेकांना चिकटून थर धरतात आणि आत हवा जात नाही. आत्ता भरलंत तर पावसाच्या आधी काळंभोर, भुसभुशीत खत तयार. पाऊस सुरू झाला की वर ताडपत्री, नाहीतर सगळा कस वाहून जातो.

जी पानं पिंजऱ्यात मावणार नाहीत ती आवारातल्या झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंच पसरा, माळ्याला रोज पाणी घालावं लागणार नाही. आणि बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक घातले असतील तर निदान मीटरभर फोडून माती मोकळी करा, पावसात झाडं पडतात त्यातलं एक कारण हेही असतं.

राणीबागेतलं प्रदर्शन बघून हौसेने पेटुनिया, डायन्थस आणि शेवंती घेतली. पंधरा दिवसांत रया गेली. माझं काय चुकलं? (नेरुळ)

तुमचं काहीच चुकलं नाही ताई. पेटुनिया-डायन्थस थंडीचे पाहुणे, मार्च लागला की जातात, तोवर सुकलेली फुलं रोज खुडत राहा म्हणजे आणखी थोडे दिवस फुलतील. हीच रोपं नोव्हेंबरात घेतली तर तीन महिने मिळतात. शेवंती मात्र टाकू नका. फुलं संपली की चार-पाच इंच ठेवून कापा, अर्ध्या सावलीत ठेवा, मुळापासून नवी पिल्लं निघतील. उन्हाळाभर ती फक्त जगवायची, खत नाही, लाड नाही, आणि पाऊस लागला की शेंड्यांच्या फांद्या काढून वेगळ्या लावायच्या. नवरात्र-दिवाळीला फुलतील. आईवडिलांच्या वेळी शेवंती अशीच वर्षानुवर्षं अंगणात टिकायची.

शिमग्याला आठ दिवस गावी जातोय, रत्नागिरीला. मागच्या वर्षी परत आलो तर निम्मी झाडं वाळली. शेजाऱ्यांना रोज त्रास देणं बरं नाही वाटत. (कळवा)

मार्चचे आठ दिवस म्हणजे थोडे नव्हेत, पण तयारी केली तर निभतं. निघायच्या दोन दिवस आधी सगळ्या कुंड्या ग्रिलवरून उतरवून जमिनीवर, भिंतीच्या सावलीला एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेर, लहान मधे. एकटी कुंडी चारही बाजूंनी तापते, घोळक्यातली तापत नाही. मातीवर वाळकी पानं किंवा नारळाच्या शेंड्या दोन इंच पसरा. उमललेली फुलं आणि फार वाढलेले शेंडे खुडा.

मग वाती. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद चिंध्या फाडा, नायलॉन मिसळलेली नको, ती पाणी ओढत नाही. एक टोक मातीत तीन-चार इंच खोल, दुसरं पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळापर्यंत. चिंधी आधी पूर्ण भिजवून घ्या आणि बादली स्टुलावर, कुंडीपेक्षा जरा वर ठेवा. एका बादलीवर पाच-सहा कुंड्या चालतात. हे निघायच्या दिवशी करू नका, दोन दिवस आधी लावून बादली किती उतरते ते बघा, फार भराभर उतरली तर चिंधी अरुंद करा. बादलीवर झाकण किंवा कापड बांधा, डासांसाठी. निवडुंग, अडेनियम, कोरफड यांना वाती नको, त्यांना एकदा पाणी घालून निघालात तरी पुरतं.

मोगरा मात्र शेजाऱ्यांकडेच द्या. तेव्हा तो नेमका कळ्यांवर आलेला असेल, एक दिवस पाणी चुकलं तरी कळ्या गळतात. कुंडी त्यांच्या उन्हाच्या गॅलरीत ठेवा, रोज सकाळी एक तांब्या पाणी, आणि आठ दिवसांत जेवढी फुलं येतील ती सगळी त्यांची, हे आधीच सांगून टाका.